एकोणीस सेकंदांचा कोट

संडरलंडला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या थिएटरात
एकतीस वर्षं मी कपडे सांभाळते.
विंगेतल्या अंधारात कोट उघडा धरून उभी राहते,
नटी येते, हात घालते, पुन्हा उजेडात जाते.
एकोणीस सेकंद. तेवढंच माझं नाटक.

त्या हिवाळ्यात आलेला खेळ बावीस गाण्यांचा होता.
सगळी 'टिन हार्बर'ची, सगळी आमच्या तरुणपणातली.
पहिला सूर लागला की टाळ्या पडायच्या.
गाण्याला नव्हेत, ओळख पटली म्हणून,
परगावच्या फलाटावर जुना शेजारी दिसावा तशा.

आणि गोष्ट? वरातीमागून घोडं.
पोस्टमन यायचा, कारण पुढचं गाणं पत्राचं.
छत्री उघडायची, कारण त्यापुढचं छत्रीचं.
नायिका रोझलिन,
कारण एका ध्रुवपदात रोझलिन होती.
इमोजेन थ्रेलकेल्ड, गळा असा की खिडकीची काच थरथरावी,
आत येऊन मला विचारायची,
"मी आत्ता रडत का होते गं?"
मी म्हणायचे, "डावा हात आधी."

मला कापडातलं कळतं.
बटणं बावीस होती, शिंपल्याची, लखलखीत.
कोटच नव्हता.
मध्यंतरानंतर मागच्या रांगा रिकाम्या व्हायच्या.
गाणी काय, लोकांच्या घरीही होती,
आणि घरी पाय वर घेऊन बसता येतं.

मग निर्मात्यानं रोवेना हेस्लॉपला बोलावलं.
ती तालमीला गेली नाही, इस्त्रीच्या खोलीत आली,
टोपल्यांवर बसली, माझं बिस्किट खाल्लं, म्हणाली,
"ते दिव्याचं गाणं. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा घरात काय चाललं होतं?"

मी कॉलर दाबत होते. वाफेतच बोलले.
भाऊ गोदीतून भर दुपारी घरी आला होता.
जेवणाचा डबा तसाच, न उघडलेला.
तो टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला,
आणि आईनं रेडिओ बंद केला.
गाणं दुसऱ्या कडव्यात होतं, ओळीच्या मध्यावर.
कुणी काही बोललं नाही.
आमच्या घरात ते गाणं पुढे कधीच पूर्ण झालं नाही.

रोवेनानं लिहून घेतलं नाही. दुसरं बिस्किट घेतलं.

तीन आठवड्यांनी गाणी बाराच उरली.
निर्माता घाम पुसत होता, दहा गाण्यांचे पैसे पाण्यात.
पहिल्या अंकात डबा टेबलावर ठेवला जायचा,
एक हात रेडिओकडे जायचा,
आणि ओळ तुटायची.
प्रेक्षागृहात आठशे माणसांना पुढचे शब्द पाठ.
आठशे तोंडं अर्धी उघडी.
ती अर्धी ओळ मांडीवर घेऊन
लोक दोन तास बसायचे,
आइस्क्रीमच्या रांगेतही ती खाली ठेवायचे नाहीत.

शेवटी इमोजेन मोकळ्या टेबलाशी
एकटी उभी राहून ती ओळ पुरी करायची.
वाद्य एकही नाही.
टाळी एकही नाही.
पहिल्या रात्री मला वाटलं, पडला खेळ.
मग चौथ्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला,
आणि माझ्या लक्षात आलं की कोट माझ्याच हातात आहे,
एकोणीस सेकंद कधीच उलटलेत,
आणि ती कोटाशिवायच गातेय. बरंच झालं.

बाहेर बसथांब्यावर कुणी गुणगुणत नव्हतं.
दोघी बहिणी भांडत होत्या,
आईनं रेडिओ बंद करायला हवा होता की नको.

शनिवारी भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट, कडेची खुर्ची.
खेळ संपल्यावर मागच्या दाराशी थांबला,
टोपी हातात फिरवत राहिला बराच वेळ.
म्हणाला, "आपला रेडिओ निळा नव्हता."
मी म्हटलं, "नव्हता."
"तपकिरी होता."
"हो रे, तपकिरी."
मग माझ्या हातातली पिशवी त्यानं घेतली,
आणि चढ संपेपर्यंत
आम्ही दोघं त्या डब्यात काय होतं ते आठवत राहिलो.