अडीचशे ओहम

सांगली स्टँडवर घेतला, हॉस्टेल सोडून
गावाकडं निघालेल्या एका पोराकडनं. साडेचार हजार.
खोकं नाही, पावती नाही,
कानाच्या गाद्या त्याच्या घामानं मऊ पडलेल्या.
कडेला बारीक अक्षरांत २५०,
आणि पुढं घोड्याच्या नालासारखं ते चिन्ह.

मिरजेला आलो. कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात खोचला.
गेम सुरू. आवाज शंभरावर.
आणि मागनं येणारा शत्रू असा येतो,
जसं शेजारच्या गल्लीत कुणी
ओल्या चपलांनी दूध आणायला चाललंय.
मेलो.
परत मेलो.

सुजय म्हणाला, अँप घे लेका.
बोर्डावरचा आवाज म्हणजे सायकलचा डायनॅमो,
त्यावर ट्रॅक्टरचा दिवा लागंल व्हय?
सहा हजार दोनशे.
खुंट्या घासायचे चाचा मला दिवसाला दोनशे देतात.
म्हणजे एकतीस दिवस, जुम्मे धरून.
कार्टमध्ये टाकला. पैसे भरायच्या पानावर
बोट तसंच थांबलं.

खाली दुकानात बाबालाल चाचा जवारी काढत बसलेले.
घोडीवर कानस, मग तार, मग दोरा सरकव,
मग परत कानस. एका सुरासाठी कधी कधी
अख्खी दुपार जाते, आणि गिऱ्हाईक म्हणतं,
एवढ्याशा कामाला एवढे?

हेडफोन त्यांनी टोपीवरनंच घातला.
मी गेम लावायला गेलो तर हात वर केला.
"काही लावू नको. रिकामा ऐकू दे."
बराच वेळ ऐकलं. मी तिथं उभा,
कशाला उभा ते न कळून माऊस इकडंतिकडं फिरवत.
"तन्वीर, ह्यात किडा आहे.
तुझा हात हलला की चालतोय."

मी ऐकलं. होता.
इतके दिवस होता.

"भोपळा स्वतःचं काही बोलत नाही बाबा.
तार खोटी असली तर तोही खोटंच बोलतो, फक्त जोरात.
किडा मोठा करायला सहा हजार कशाला?"
आणि जेवायला निघून गेले. खिमा होता.

मग मी टेबल ओढलं.
कॅबिनेटच्या पाठीमागं धूळ, एक हरवलेला स्क्रू,
पालीची सोडून दिलेली शेपटी,
आणि हिरवं भोक, आजवर कुणी न वापरलेलं.
खोचलं.
पंखा बंद केला, तोही माझ्या कानात बोलत होता
हे पंखा बंद केल्यावरच कळलं.

किडा गेला.
ब्याऐंशीवर आवाज पुरला.
खडी वाजली. मग फळी.
मग डावीकडं, जिन्यावर, तीन पायऱ्या,
चौथीवर तो थांबला. श्वास घेतला त्यानं.
मी वळलो.
मेलोच,
पण या वेळी कुणी मारलं ते कळलं.

तरी खरं सांगायचं तर
बॉम्ब अजून पातळच फुटतो.
खालचा जो धप्प असतो, पोटात बसणारा,
तो येतो आणि उंबऱ्यावरच थांबतो.
अँपनं तो आत येईल का?
सुजय म्हणतो येईल. चाचांना विचारलं नाही.
कार्टमधनं काढलेला नाही अजून.

अकराला लाईट गेली.
हेडफोन कानावरच राहिला, मुका.
यार्डात मालगाडीला डबे जोडले गेले,
तो दणका जमिनीतनं आला, भिंतीतनं वर चढला,
आणि खाली टांगलेल्या बारा तंबोऱ्यांतला
एकच कुठला तरी
हळू बोलला.

कुठला, ते ओळखायला
मी एक कान उघडा केला.