मापाची दोरी

सरदार गेले त्या रात्री बर्फ पडत नव्हता.
लोक उगाच सांगतात.
कोरडी थंडी होती, आणि किल्ल्याच्या मुदपाकखान्यात
कुणीतरी भात करपवला होता.

मी यासोजी. चिलखतं ओवणारा.
लाखेनं रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या लोहाराकडून येतात,
मी त्या रेशमी गोफानं एकमेकींना बांधतो,
म्हणजे आतल्या माणसाला वाकता यावं,
घोड्यावर चढता यावं,
वेळ आलीच तर गुडघेही टेकता यावेत.
हागा तोमोकाने यांची छाती मी सहा वेळा मोजली.
दोरीवर सहा गाठी आहेत.

पहिली मारली तेव्हा ते सात वर्षांचे.
मिबु घराण्याकडे ओलीस जायचे होते.
तहाला शिक्का लागतो, तसा मुलगाही लागतो.
दोरी लावली तर खुदकन हसले. गुदगुल्या होतात म्हणाले.
पडद्याआडून आई म्हणाली,
चार बोटं सैल ठेवा. वाढेल तिकडे.

दुसरी सोळाव्या वर्षी.
परत आले ते जेवताना ताटाकडे बघत नसत,
दाराकडे बघत.
त्याच वसंतात निसे नदीच्या उतारावरून
थोरल्या भावाचं डोकं घेऊन आले.
गोफ निळा होता, मीच निवडलेला.
तीन दिवस वाहत्या पाण्यात धरला,
मग नवा ओवला.

तिसरी आणि चौथी अगदी जवळजवळ.
डाव्या बरगडीखाली बाण लागून गेलेला,
तिथं दोरी आली की श्वास धरून ठेवत.

पाचवी मात्र लांब. सुखाची वर्षं.
पाच खोरी, अकरा किल्ले, भरलेली कोठारं
आणि पोट.
“गोफ आटला वाटतं,” म्हणाले.
“हवा दमट आहे, धनी,” मी म्हणालो.
खरं बोलायला दुसरी मान नव्हती माझ्याकडे.

त्याच दुपारी पेटीतून धाकटं चिलखत काढायला सांगितलं.
मुलगा इसेमारु. सात वर्षांचा.
तेच मिबु. तसाच तह.
वेगळं माप घ्यावंच लागलं नाही,
पहिली गाठ त्याला तंतोतंत बसली.
मी विचारलं, किती बोटं सैल?
खाली अंगणात कुणी नवा घोडा फिरवत होतं.
ते तिकडेच बघत राहिले.
“अंगाबरोबर कर,” म्हणाले.

तिथंच मला कळायला हवं होतं.

भाताची कापणी झाली
आणि आमच्या मशाली मिबुंच्या हद्दीत शिरल्या.
अकरा दिवसांनी पेटी परत आली.
चिलखतावर ओरखडासुद्धा नाही.
फक्त उजव्या कुशीतली गाठ माझ्या हातची नव्हती.
कुणीतरी सोडून पुन्हा मारलेली,
उलटी, सैल,
मुलं गवती चपलेला मारतात तशी.
सरदारांनी ती बोटानं चाचपली.
जेवायला गेले.

सहावी गाठ मागं सरकत सरकत
पार दुसरीला टेकली.
अन्न ठरत नव्हतं.
वैद्य कडू मुळ्या उकळून उकळून थकला होता.
मला बोलावलं. अंथरुणात बसवून मी दोरी फिरवली.
आता कुठली लढाई, हे विचारलं नाही.
त्यांनीच विचारलं,
चार बोटं सैल ठेवशील?

ठेवली.

किल्ल्यात आता नवे धनी आहेत.
त्यांचा माणूस येऊन तीनशे चिलखतं सांगून गेला,
काळा सुती गोफ, सगळी एकाच मापाची.
परवा दोरी शोधली तर सापडेना.
नातीनं ती वळचणीखाली ताणून
तिच्यावर मुळे वाळत घातले होते.
गाठी आहेत ना, म्हणाली,
घसरत नाहीत.

मी मोजले. गाठी सहा, मुळे सात.
पहिल्या गाठीला दोन टांगले होते,
बारके बारके.