वरचा सा

गेल्या श्रावणात बायकोला म्हटलं,
यंदा रातकिडे ओरडत नाहीत गं.
ती तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा.
"कान किटलेत त्यांनी," म्हणाली,
आणि पुढचं काही बोलली नाही.

तेव्हा कळलं.
पोदेराचा भोंगा ऐकू येतो, देवळातला चौघडा येतो,
चढावावर ट्रकने गिअर बदलला तर येतो.
पण कंडक्टरची शिट्टी गेली.
आणि पेटीच्या शेवटच्या सात पट्ट्या
वाजतात, नाही असं नाही,
पण कुणी कापसात गुंडाळून ठेवल्यासारख्या.

पणजीच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली.
सरळ येते, सरळ येते, आणि एकदम
दूधसागर.
"वयाच्या मानाने उत्तम," म्हणाले. "काय करता आपण?"
पेट्या दुरुस्त करतो. सूर लावतो.
ते थोडा वेळ पेनाचं टोपण लावत राहिले.

चवथ जवळ आली की फोंड्याच्या वरच्या बाजारात
माझ्या या माडीवर पाय ठेवायला जागा नसते.
सावईवेऱ्याची पेटी, भाता उंदरांनी खाल्लेला.
कवळ्याची, काळी दोन दाबली की खोकते.
एकीच्या पोटात अबीर, पाच पैशांचं नाणं
आणि वाळलेली अबोली.

पितळेची एवढीशी जीभ.
टोकाशी खरवडली की सूर चढतो,
मुळाशी खरवडली की उतरतो,
विद्या एवढीच.
बाकी सगळं 'किती' यात आहे
आणि ते शिकवायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

नर-मादी जुळत नसले की लाकडाच्या अंगात लहर येते,
वंव, वंव, वंव.
हल्ली मी पेटीवर हनुवटी टेकतो.
लहर दाढेत उतरते, लांबते, लांबते,
मग दुपारच्या तळीसारखी निवते.
त्या बाजूला दाढ एकच उरली आहे. तिला जपतो.

परवा लोटलीच्या मेस्त कायतानांचा नातू
त्यांच्या कपेलातली पेटी घेऊन आला.
फळी उघडली, तर आत पेन्सिलीने:
गुणाजी च्यारी, फोंडा, मे १९७४.
अक्षर केवढं! नाटकाची जाहिरात जशी.
तेव्हा मला रातकिड्यांच्या पलीकडलंही ऐकू यायचं.
आणि वरच्या सा ची जीभ भिंगाखाली धरली, तर
मुळाशी हा एवढा चर.
उतरवायचा होता केसभर,
पोराने कुदळ मारली होती.

पन्नास वर्षं हा असाच वाजला.
लग्नांत, लादिनींत, मेस्तांच्या स्वतःच्या मयतात.
कुणी काही म्हटलं नाही.
मला त्या पोराचा राग आला. मग हसू.
कान होते रे तुला, हात कुठे होता?

श्वास धरून टोकाशी कानस फिरवली.
फिरवली कसली,
पितळेला नुसती आठवण करून दिली.

शेजारची पूर्वा दप्तर टाकून समोर बसते संध्याकाळी.
तिचे कान मी उसने घेतो. चहाबरोबर बिस्किट, हे भाडं.
"चढला?"
"अजून नाही."
"आता?"
"थोडासा हवा, आजोबा."
"थोडासा म्हणजे केवढा?"
तिने खिडकीकडे बघितलं. बाहेर अंधारलं होतं.
"एक रातकिडा," म्हणाली.

मी एक रातकिडाभर पितळ काढलं.
बोटावर दिसलंही नाही.
ती काही बोलली नाही. पट्टी दाबून बसली
भाता संपेपर्यंत,
आणि माझी दाढ गप्प झाली.

मग जुन्या सहीखाली तारीख घातली, बारीक अक्षरात.
नाव होतंच वर.
नातवाने पैसे मोजले, विचारलं, आता टिकेल ना बरीच वर्षं?
टिकेल.
पण पुढच्या मे महिन्यात परत आण.
खालचा खर्ज मला अजून पटलेला नाही.