दुभाष्याचा भत्ता

कोर्टानं मला बोलावलं ते फक्त तेलुगूपुरतं.
एरवी मी पूर्व भागात भूगोल शिकवतो,
जिथं निम्मी पोरं घरी एका भाषेत रडतात
आणि वर्गात दुसऱ्या भाषेत हजेरी देतात.

त्या दिवशी फाटकाशी चॅनेलच्या चार गाड्या.
आरोपी, चादर कारखानदाराचा धाकटा.
मयत, राजेशम येमूल, वय चोवीस, हिशेबनीस.
हिशेब जुळला नाही म्हणून, की जुळला म्हणून,
हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

साक्षीदार नंबर सात, नरसव्वा. विडी कामगार.
पिंजऱ्यातही तिची बोटं वळतच होती
पान नसलेली, तंबाखू नसलेली विडी.
सिव्हिलच्या खाटेवर मुलगा शेवटी काय बोलला?
ती म्हणाली, कोट्टिंडु.
पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, संपिंडु.
मी दोन्हींना म्हणालो, मारलं.
टंकलेखकानं एकदाच टाइप केलं.

बचावाचे हिरेमठ वकील उठले.
लहानपण त्यांचं आमच्याच गल्लीतलं,
पतंगाची भांडणं तेलुगूत केलेली.
शब्द दोन आहेत, साहेब. पहिल्यात माणूस मार खातो,
दुसऱ्यात मरतो.
आणि मराठीचं काय सांगावं,
आपण हाक मारतो, मिठी मारतो,
गप्पा मारतो, शिक्का मारतो...
मागच्या बाकावर हसू फुटलं. साहेबांनी पेन आपटलं.
सरकारी वकील बाई म्हणाल्या,
लेकराचं मरण आईच्या तोंडात एका दमात मावत नाही,
म्हणून ते दोनदा आलं.
हे वाक्य निकालपत्रात नाही.

मला शपथेवर विचारलं, नेमकं काय?
मी म्हणालो, दोन्ही.
खरं होतं.

निकाल एकशे बारा पानांचा. पान ब्याण्णववर
'मयताच्या अखेरच्या शब्दांबाबत साशंकता'.
संशयाचा फायदा.
संध्याकाळी नव्या पेठेत फटाके,
रात्रपाळीला लूम नेहमीसारखे, खटखट, खटखट.

मराठीत शब्द होते हो.
ठार केलं. जीव घेतला.
हातभर अंतरावर होते.
मी हाताला लागला तो उचलला,
जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

भत्ता आठ महिन्यांनी आला.
महसूल तिकिटावर सही केली, घेतला.

परवा विडीच्या ब्रँचबाहेर नरसव्वा दिसली, काखेत सूप.
तपासनिसानं शंभरातल्या अठरा छाटल्या होत्या,
दोरा सैल म्हणून.
मी चप्पल बघत उभा.
तिनंच विचारलं,
तिन्नवा, बिड्डा?
जेवलास का, लेकरा.
याला दुसरा अर्थ नाही, मी खूप शोधला.
शेअर रिक्षावाला हॉर्न मारत होता.
मी मान हलवली.
हो की नाही, ते कुणी टाइप केलं नाही.