पाच नळ्या

मे संपत आला की चिलोएच्या बेटांवर
वारा दार वाजवत नाही, फटीतून येतो.
ओर्तेन्सिया विरलेले लोकरी मोजे फाडते
आणि सुरीच्या टोकानं खिडकीच्या कडेला ठासत जाते.

लाकूड मार्चमध्येच नावेतून आलं.
लुमाचं, जड, ओंडक्यावर ओंडका आपटला तर खणकणारं.
उल्मोच्या मधाच्या दोन बरण्या, कांद्याचा पाक,
निलगिरीची फांदी चुलीवरच्या खिळ्याला उलटी.
लिंबं महाग. तरी बारा.

ताप मोजायची नवी कांडी एलिसेओच्या हाती लागली.
त्यानं आधी कुत्र्याला लावली, मग कोंबडीला,
आणि रडत आला : एक्केचाळीस! मरणार ती!
अरे, कोंबडीला तेवढाच असतो,
असं यानिना म्हणाली, पुस्तकातून डोकं न काढता.
कांडी उकळत्या पाण्यानं धुवायची की नाही,
यावर अर्धा तास गेला.

मंगळवारी नर्स लाँचमधून उतरली, थंड पेटी काखेत.
म्हातारा रोसेन्दो कुठं दिसेना.
बटाट्यांच्या कोठीत सापडला,
तिथंच बाही वर करून टोचला त्याला,
जांभळ्या, काळ्या, वाकड्या बटाट्यांच्या साक्षीनं.

गेल्या साली बेल्मोर घेऊन आला होता.
सामन माशांच्या पिंजऱ्यांवरची चौदा दिवसांची पाळी,
आठ जणांची एक खोली,
खिशात पगार, छातीत खरखर.
त्या रात्री चुलीभोवती नेहमीसारखं बसले सगळे,
येर्बाचा भोपळा हातोहात फिरला,
एकच भोपळा, एकच नळी,
आणि शुक्रवारपर्यंत घरात उभं कुणी नव्हतं.
ओर्तेन्सिया सात दिवस भिंतीकडे तोंड करून पडली,
दोन्ही हात पोटावर.
पोटातली आता पाळण्यात आहे,
पाच महिन्यांची, अजून नीट शिंकताही न येणारी.

म्हणून यंदा आचाओच्या बाजारातून
पाच नळ्या, पाच भोपळे.
नळ्यांना लोकरीच्या गाठी :
लाल यानिनाची, पिवळी एलिसेओची,
बेल्मोरची निळी (तो शनिवारी येईल,
आणि दारातच कपडे उतरवेल, असं ठरलंय),
तिची स्वतःची बिनगाठीची.
रोसेन्दोला हिरवी.
त्यानं ती उलटीसुलटी पाहिली.
एकट्यानंच प्यायचं, तर मग पाणी काय वाईट?
आणि खुर्ची चुलीपासून वीतभर मागे ओढली.

रात्री मात्र प्यायला.
सवयीनं शेवटचा घोट ओढला, नळी वाजली,
किटलीतून पाणी ओतून भोपळा भरला,
नळी बाहीनं पुसली
आणि हात पुढे केला.

हात तसाच राहिला.
चुलीत लाकूड बसल्याचा आवाज झाला.
मग ओर्तेन्सियानं भोपळा घेतला,
दोन्ही तळव्यांत धरला,
नळीला ओठ न लावता,
बोटं शेकली, आणि यानिनाला दिला.
यानिनानं गालाला लावला, बाहेरच्या बाजूनं.
एलिसेओनं विचारलं, प्यायचा नाही ना?
नाही. नुसता धर.
त्यानं धरला, सातपर्यंत मोजलं,
मग पाळण्याशी जाऊन
इवल्या मोज्यांतल्या तळपायांना टेकवला क्षणभर.

फिरून म्हाताऱ्याकडे आला तोवर कोमट झाला होता.
रोसेन्दो पुटपुटला काहीतरी, गार केलात म्हणून,
खुर्ची पुढे घेतली
आणि पुन्हा किटली उचलली.