नमुना सही

गालाशेठ जैन माणूस,
पण पुस्तक वर्तमानपत्रात असं गुंडाळून आणतो
की आत बोंबील असावेत.
"कारखानीसबाई, बघा जरा.
घोडबंदरचं गिऱ्हाईक आहे, अठ्ठाविसावा मजला.
सही खरी निघाली तर बारा हजार."

मी आधी पान उलटून मागून बोट फिरवते.
बॉलपेनची सही पाठीवर हाताला लागते.
मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरते, उताणा नाही.
उताण्या उजेडात सगळेच प्रामाणिक दिसतात.

एकतीस वर्षं हेच केलं, चरईतल्या सहकारी बँकेत.
डावीकडे चेक, उजवीकडे नमुना सहीचं कार्ड,
मध्ये माझी मान.
चेहरे विचाराल तर एक आठवत नाही.
वेलांट्या आठवतात.

सदानंद उकिडवे.
'स'ची गाठ सैल,
'कि'ची वेलांटी मागे 'उ'ला टेकलेली,
आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका झटक्यात,
'वे'च्या मात्रेला कापून पार पुढे.
इथे सगळं आहे. गाठ, वेलांटी, झटका.
खाली तारीख, डिसेंबर एकोणनव्वद.
"हुबेहूब ना?" गाला विचारतो.
हुबेहूब.
तिथेच पाल चुकचुकली.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आठवडाभर आधी
उकिडवे माझ्या खिडकीशी उभे होते.
पितळी टोकन, सत्तेचाळीस नंबर.
साडेचारशेचा सेल्फचा चेक,
सही म्हणजे रिक्षात बसून केल्यासारखी.
म्हटलं, पुन्हा करा. केली.
पुन्हा. केली.
तिन्ही एकमेकींना ओळखेनात,
कार्डाचं तर नावच नको.
"बाई," ते म्हणाले, "माणूस तोच आहे हो."
"नियम आहे," मी म्हटलं,
आणि मेमोवर खूण केली: सही जुळत नाही.

त्यांची कादंबरी तेव्हा माझ्याच ड्रॉवरमध्ये होती,
डब्याखाली, एकशे बत्तीस पानावर बसचं तिकीट.
तीन सह्या घेतल्या त्यांच्याकडून.
पुस्तक काही पुढे केलं नाही.

तो हात डिसेंबरात असा धावणार नाही.
"खोटी आहे," मी सांगते.
कशावरून, ते सांगत नाही.

गाला दुसरी प्रत काढतो, तोंड वाकडं करून.
"ही वीसच्या ढिगातली, जांभळी नाक्याची.
कुणाच्या पोरानं रेघोट्या मारल्यात. खोडरबर लावलं, जाईना."
मी टॉर्च आडवा धरते.
'कोपरीच्या छेडा मेडिकलला, उधारीबद्दल'
आणि खाली ते.
गाठ पडायच्या आधीच सुटलेली,
वेलांटी 'उ'पर्यंत पोचलीच नाही,
शिरोरेषा निघाली आणि वाटेत बसली.
पण टोकाशी, मात्रेच्या पायथ्याशी,
एक झटका आहे.
कापलं काहीच नाही त्यानं. आहे मात्र.

मागून बोट फिरवलं.
किती दाबून लिहिलं होतं.

"ही खरी."
"कोण मानेल? लेखी द्या, बाई."
मग वहीचा कागद फाडला.
मी अमुक, इतकी वर्षं अमुक ठिकाणी,
माझ्या माहितीप्रमाणे, वगैरे.
खाली सही करताना पेन 'का'वर जरा अडलं.
हल्ली डब्याचं झाकणही दोन हातांनी उघडते.
नमुना कार्ड असतं शेजारी,
तर मीच मला परत पाठवलं असतं.

गालाने कागदावर फुंकर मारली, घडी घातली,
घडी पुस्तकात ठेवली.
मी वीसची नोट पुढे केली.
"आता वीस कुठले, बाई,"
तो पुस्तक पिशवीत टाकत म्हणाला,
"आता तुमची सही आहे ना त्यावर."