पंधरा नावं

लेथ चालू होती, म्हणून
पहिली चार नावं ऐकूच आली नाहीत.
स्विच पाडला. चक फिरतच राहिला थोडा वेळ,
आपल्याच नादात.
सातवं नाव हरियाणाचं. आठवं, नववं...
शेजारचा मोल्डिंगवाला मुजावर
काळ्या बोटांवर मोजत दारात उभा.

इथंच, उद्यमनगरात, या ऑइलच्या वासात
भंगारातल्या सळईचा स्टंप करून दिला होता तिला.
एकच.
तीन करू का, विचारलं तर म्हणाली,
नेम एकावरच धरायचा असतोय.
शिवाजी पेठेत तेव्हा पोरं सगळी फुटबॉलची,
ही एकटी भिंतीशी,
लेदरचा चेंडू ओढणीला घासत.

पंधरा झाली.
मुजावर म्हणाला, परत लाव की,
सुरवातीची चार राहिली न्हवं.
मी नाही लावलं.
हातातला बुश मायक्रोमीटरनं मोजला,
बरोबर होता, तरी पुन्हा मोजला.

मग तिचाच फोन.
"बाबा, राखीवमधी हाय. कोलंबोला न्यायचे न्हाईत.
पण टी-शर्ट दिलाय. लई ढगळ हुतोय."

आतनं टाके घालून घे, म्हटलं.
कापू नको.